चित्रकलेवर घर चालवायचं असेल तर: विदर्भातल्या गावातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावात नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या माणसाच्या हाताखाली रंगाचे डबे धुता धुता मी या कामाला लागलो. आज शाळांच्या भिंती, नाटकाचे पडदे, मुलांच्या पुस्तकांतली चित्रं असं सगळं मिळून माझं घर चालतं. हाताखाली तीन-चार मुलंमुली कायम असतात. दर उन्हाळ्यात कुणाची तरी आई अंगणात येऊन बसते आणि विचारते, "भाऊ, पोरगा दिवसभर चित्रं काढते. पण याच्यावर पोट भरते का?"

पोट भरतं, पण वर्षाचं गणित मांडून काम करणाऱ्याचं. ते गणित कसं मांडायचं, हे मी त्या मायमाउलीला सांगतो तसंच इथे लिहितो आहे.

आधी वर्ष मांडा

आपल्याकडे कलेचं काम धानासारखंच हंगामी आहे. भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि तुमच्या घरापासून तीस-चाळीस किलोमीटरच्या आत कोणत्या महिन्यात कुणाला चित्र, रंग, मूर्ती, फोटो लागतो ते प्रत्येक महिन्यापुढे लिहून काढा.

दिवाळी झाली की वडसा, म्हणजे देसाईगंज, जागं होतं. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, नाटक कंपन्यांचं ते ठाणं. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत होळीच्या आसपासपर्यंत रात्र रात्र प्रयोग चालतात. मंडई, म्हणजे गावची जत्रा, आली, शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आला की नाटक आलंच. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांना या रंगभूमीची ओळख झाली, पण इथल्या माणसाला ती रोजगार म्हणून आधीपासून माहीत आहे. नटांसोबत पडदे रंगवणारा, रंगभूषा करणारा, पोस्टर बनवणारा, प्रकाशयोजना सांभाळणारा असे कितीतरी हात त्यावर जगतात. हंगाम दिवाळीनंतर असला तरी पडद्यांची आणि पोस्टरांची कामं त्याच्या आधी ठरतात. दिवाळीनंतर काम मागायला गेलात तर पुढच्या वर्षी या, असं ऐकावं लागतं. नवरात्रापूर्वी जा.

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू. फोटो, व्हिडिओ, पत्रिका, मंडपाची सजावट, मेंदी यांची ही कमाई मे-जूनपर्यंत चालते. मे आणि जून शाळांचे. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून भिंती रंगवायला आपल्याला आठवडा-दोन आठवडे जास्त मिळतात. मग पोळा. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदीबैल लागतात, आणि चांगला कोरलेला, नीट रंगवलेला नंदी लोक हौसेने घेतात. त्याच दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. पाठोपाठ गणपती, महालक्ष्म्यांचे मुखवटे, शारदा, दुर्गा. मूर्तिकाम शिकायचं असेल तर नागपूरच्या चितार ओळीत एक पावसाळा हाताखाली काढा. कोणत्याही वर्गात एवढं शिकायला मिळणार नाही.

या यादीत जो महिना रिकामा दिसेल तो अभ्यासाचा आणि फाईल बनवण्याचा. माझा जुलै तसा जातो.

शाळेत आहात तोवर

सातवी-आठवीपासून शासकीय रेखाकला परीक्षांना बसा. आधी एलिमेंटरी, मग इंटरमीजिएट. राज्याचं कला संचालनालय या परीक्षा घेतं. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे विषय असतात. इंटरमीजिएटच्या श्रेणीप्रमाणे दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पालक तयार होतात. मला त्यातलं अक्षरलेखन महत्त्वाचं वाटतं. सरळ, एका जाडीचं, योग्य अंतराचं देवनागरी अक्षर ज्याला जमतं तो आमच्या भागात उपाशी राहत नाही. गावात चित्रकलेचे शिक्षक नसतील तर शेजारच्या मोठ्या शाळेत जाऊन केंद्राची चौकशी करा. फॉर्म शाळेमार्फतच भरायचा असतो.

दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी केंद्राच्या सीसीआरटी या संस्थेची सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती आहे. ती अनेक गावांपर्यंत पोचतच नाही. शिक्षक वाचत असतील तर त्यांनी ही माहिती वर्गात सांगावी, अशी कळकळीची विनंती.

पदवी घ्यायची की नाही

माझ्याकडे पदवी नाही आणि त्याची किंमत मी मोजली आहे. पुस्तकांचं काम मला दहा वर्षं उशिरा मिळालं. म्हणून ज्याला जमेल त्याने कॉलेजात जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बारावी कोणत्याही शाखेतून झाली तरी चालते. राज्याच्या सीईटी कक्षाची कला शाखेची प्रवेश परीक्षा असते. तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांचे प्रात्यक्षिक पेपर असतात आणि सोबत सामान्य ज्ञान. तिच्यावर बी.एफ.ए. या चार वर्षांच्या कला पदवीला प्रवेश मिळतो. नागपूरला शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे आणि आपल्या मुलांनी पहिला विचार त्याचाच करावा, कारण तिथून शनिवारी घरी येता येतं आणि गावातली कामंही हातातून सुटत नाहीत. मुंबईचं सर जे. जे. कला महाविद्यालय १८५७ पासूनचं, ते स्वप्न असेल तर जरूर धरा. डिझाइनकडे जायचं असेल तर एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षा आहे आणि मुंबई आयआयटी घेते ती युसीड आहे. युसीड फक्त दोनदा आणि तीही लागोपाठच्या वर्षांत देता येते, म्हणून 'सहज बसून बघू' म्हणत पहिला प्रयत्न वाया घालवू नका.

चित्रकार सय्यद हैदर रझा मध्य प्रदेशातल्या मंडल्याकडच्या जंगलात वाढले. वडील वनखात्यात होते. १९३९ ते १९४३ ते नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मग मुंबईला जे. जे.त आणि पुढे पॅरिसला गेले. आपल्या पोरांना हा रस्ता माहीत असावा म्हणून सांगतो: नागपूर हे त्यातलं एक स्टेशन होतं.

पैशाची अडचण सगळ्यांनाच असते. राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर शिक्षण शुल्काच्या आणि वसतिगृह निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत. घोडं अडतं ते कागदांवर. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर आणि जात वैधता हे सगळं बारावीच्या दिवाळीपर्यंत हातात हवं. निकाल लागल्यावर सेतू केंद्रात रांग लावणाऱ्यांचे प्रवेश गेलेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत. जात वैधतेला तर महिने लागतात.

कलाशिक्षक व्हायचं असेल तर ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षक पदविका, करा. मात्र सरकारी भरतीची वाट बघत घरी बसू नका. माझ्या ओळखीच्या कित्येकांची उमेदीची वर्षं त्यात गेली. पदविका हाती ठेवून बाहेरची कामं चालू ठेवा.

पहिली भिंत

इथे जरा थांबून सांगतो, कारण खेड्यातल्या मुलाला पैसे देणारं पहिलं मोठं काम बहुधा भिंतच असते. जिल्हा परिषदेच्या शाळांच्या बोलक्या भिंती, अंगणवाड्या, ग्रामपंचायतीचे स्वच्छतेचे आणि पाण्याचे संदेश.

माझ्या सुरुवातीच्या काळात एका शाळेची भिंत मी जुन्या चुन्यावरच रंगवली. पाढे, बाराखडी, सूर्यमाला, सगळं झकास दिसत होतं. पहिल्या मोठ्या पावसानंतर शनीच्या कड्यासकट अर्धी सूर्यमाला पापडासारखी सुटून खाली पडली. स्वतःच्या पैशाने सगळं पुन्हा केलं. तेव्हापासून मी रंगाआधी भिंत वाचतो.

भिंतीवर तळहात घासा. पांढरी भुकटी लागली तर चुना आहे. लोखंडी ब्रशने आणि पट्टीने तो पूर्ण खरवडा, पाण्याने धुवा, दोन दिवस वाळू द्या, मग प्रायमर. खालच्या दीड फुटात लोणा धरलेला असतो, मिठासारखा पांढरा थर दिसतो. तिथे चित्र काढूच नका. गडद रंगाचा सपाट पट्टा द्या, म्हणजे दोन वर्षांनी तेवढाच पट्टा पुन्हा मारता येतो. छपराचं पाणी जिथून वाहतं त्या जागेचं मुख्याध्यापकांना आधीच दाखवून सांगा आणि फोटो काढून ठेवा.

मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. सकाळी साडेपाचला काम सुरू, साडेदहाला बंद, पुन्हा संध्याकाळी पाचनंतर. पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची संध्याकाळी. तापलेल्या भिंतीवर अॅक्रेलिक ब्रशमध्येच वाळतं आणि कडा तुटक येतात, म्हणून रंग लावण्याआधी ओला बोळा फिरवायचा आणि डबा कायम ओल्या गोणपाटाखाली ठेवायचा. आखणीला सूतदोरी आणि गेरू. अक्षरं मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर हवीत. पहिलीचं पोर साडेतीन फुटांच्या आसपासचं असतं, हे मोठी माणसं विसरतात.

भाव कसा सांगायचा

"किती घेता?" असं विचारल्याबरोबर तोंडातून आकडा काढू नका. आधी मोजा. समजा दारं-खिडक्या वजा जाऊन ४०० चौरस फूट भिंत आहे. दोघांचे सहा दिवस, प्रत्येकी ८०० रुपये रोज धरले तर ९,६०० रुपये. रंग, प्रायमर, ब्रश ६,५००. जाणं-येणं आणि जेवण १,८००. बेरीज १७,९००. त्यावर दुरुस्तीसाठी आणि तुमच्या कल्पकतेसाठी पंधरा टक्के, म्हणजे साधारण २,७००. झाले २०,६००. चौरस फुटाला साडेएकावन्न रुपये. आकडे तुमच्या भागाप्रमाणे बदलतील, पण पद्धत हीच ठेवा. समोरचा घासाघीस करू लागला तर भाव पाडू नका, काम कमी करा: तीन भिंतींऐवजी दोन, सहा रंगांऐवजी चार. हाच भाव उद्या तालुकाभर तुमचा भाव होतो.

निम्मे पैसे आधी घ्या. ग्रामपंचायतीचं काम असेल तर आगाऊ मिळणं अवघड असतं. तेव्हा निदान रंगाचं सामान त्यांच्याकडून घ्या आणि कामाचा लेखी आदेश हातात आल्याशिवाय शिडी लावू नका. निधी मार्चअखेर संपवायचा असतो, म्हणून बिल फेब्रुवारीतच द्या. एका कंत्राटदाराकडे माझ्या तीन अंगणवाड्यांचे पैसे आजही अडकलेले आहेत. तोंडी शब्दावर काम केलं होतं.

फाईल, म्हणजे पोर्टफोलिओ

प्रत्येक कामाचे चार फोटो काढा: आधीची भिंत, आखणी, पूर्ण झालेलं काम, आणि आकार कळावा म्हणून समोर उभं असलेलं माणूस. मुलं फोटोत घेणार असाल तर शाळेला विचारा. मोबाईलची काच रुमालाने पुसा, चित्राच्या अगदी समोर उभे राहा, सकाळची सावली धरा. कागदावरचं चित्र ट्यूबलाइटखाली पिवळं-निळं येतं, ते ओसरीत न्या.

फाईलमध्ये पंधरा-वीसच कामं ठेवा. काल्पनिक देवदेवता आणि नटनट्यांची पोर्ट्रेटं सगळ्यांकडे असतात. तुमच्या गावचा बाजार, बैलांच्या शिंगांना बेगड लावणारा माणूस, धानाची रोवणी, म्हातारीचे हात, हे फक्त तुमच्याकडे आहे. रोवणीचं चित्र काढताना बाया कशा मागे सरकत जातात, पाणी पोटरीपर्यंत कुठे असतं, पेंढी डाव्या हातात कशी धरतात हे शहरातल्या चित्रकाराला फोटो बघून कळतं, तुम्हाला पायाने माहीत असतं. मुलांच्या पुस्तकांचं पहिलं काम मला रोवणीच्या रेखाटनांवरच मिळालं. पक्क्या चित्रासोबत कच्ची रेखाटनं जोडा. काम देणाऱ्याला तुम्ही विचार कसा करता ते बघायचं असतं. सगळ्याची एक हलकी पीडीएफ बनवून फोनमध्येच ठेवा, कुणी विचारलं की तिथल्या तिथे पाठवता आली पाहिजे.

प्रदर्शनाची हौस असेल तर कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शन आहे, त्यात विद्यार्थ्यांचा वेगळा विभाग असतो. नागपूरला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, तिथल्या कार्यशाळा आणि मेळ्यांवर लक्ष ठेवा. १८ ते २५ वयाच्या कलाकारांना केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. त्यासाठी गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षं शिकलेलं असावं लागतं.

संगणक

फ्लेक्स आलं आणि बोर्ड रंगवणाऱ्या एका आख्ख्या पिढीचं काम गेलं. माझ्या गुरूंचंही गेलं. म्हणून संगणकाशी भांडू नका, तो शिका. जुना, वापरलेला संगणक पुरतो. क्रिटा, इंकस्केप, गिंप, ब्लेंडर ही सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि कामाला पुरेशी आहेत. तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याकडे मात्र कोरलड्रॉच असतं, ते सहा महिने त्याच्याकडे बसून शिका.

दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. छपाईला फाईल देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टऐवजी चित्राच्या रेषांत बदलून, द्या. नाही तर तुमच्याकडचा फॉन्ट त्याच्याकडे नसतो आणि 'प्रवेश'चा रकार तुटून भलतंच छापून येतं. दुसरी, संगणकाच्या पडद्यावरचा झगमगीत हिरवा-निळा छापताना मळकट होतो. एक छोटा नमुना छापून बघितल्याशिवाय मोठं काम सोडू नका.

देवनागरी अक्षर ही इथेही आपली ताकद आहे. पुस्तकांची मुखपृष्ठं, नाटकांची नावं, दुकानांची बोधचिन्हं यासाठी हाताने काढलेलं मराठी अक्षर लागतं आणि ते नीट काढणारे कमी आहेत.

कागदपत्रं, थोडक्यात

आधार आणि पॅनवर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, करा. ती फुकट होते, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. नोंदणी असली की कंपनीने तुमचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत, असा कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तोवर जीएसटी नोंदणीची गरज नाही. मूर्तिकार, कुंभार, सुतार, खेळणी किंवा टोपल्या बनवणारे यांच्यासाठी पीएम विश्वकर्मा योजना आहे: प्रशिक्षण काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,०००, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख कर्ज. एका कुटुंबात एकालाच मिळते. नंदीबैल किंवा मूर्ती करणाऱ्यांनी जरूर चौकशी करावी.

आणखी एक. पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा किंवा फोटोचा हक्क, वेगळं काही ठरलं नसेल तर, कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देणाऱ्याकडे जातो. पुस्तकाचं काम घेताना चित्र एकाच आवृत्तीसाठी आहे की कायमचं, ते आधी लिहून घ्या. व्हॉट्सअॅपवर दोन ओळी लिहिल्या तरी काही नसण्यापेक्षा बरं.

मुलींसाठी

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांत हात मुलींचाच जास्त चांगला असतो आणि मधेच काम सोडणाऱ्याही त्याच जास्त. हात थकतो म्हणून नाही, घरून पाठवत नाहीत म्हणून. मी आता नियमच केला आहे: मुली दोघी मिळून येतील, काम दिवसाउजेडी, पैसे थेट त्यांच्या खात्यात, आणि पहिल्या कामाला घरचं कुणी सोबत यायचं असेल तर त्यांचं जेवण माझ्याकडे. महालक्ष्मीचे मुखवटे रंगवणं, पुस्तकाची चित्रं, पत्रिका ही कामं घरी बसूनही होतात. पण भिंतीवर चढलेल्या मुलीला गाव ओळखू लागतं, आणि तिला पुढची कामं त्या ओळखीतून येतात.

मागच्या मे महिन्यात एका मुलीचे वडील तिच्यासोबत आले. पहिले दोन दिवस ते कडुनिंबाखाली बसून नुसते बघत होते. तिसऱ्या दिवशी पोरीने शिडीवरून हाक मारली, "बाबा, थोडा पिवळा द्या ना." त्यांनी डबा नेऊन दिला, मग रंग ढवळायला लागले, आणि शेवटच्या दिवशी खालचा गडद पट्टा त्यांनीच मारला. यंदा ती बारावीला आहे. सीईटीचा अभ्यास चालू आहे, आणि उत्पन्नाचा दाखला बाबा सेतूतून परवाच घेऊन आले.